पाळी, गर्भारपण, पिशवीचं ऑपरेशन आणि डोळे: तपासणीला कोणत्या क्रमाने जायचं

डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं की पहिली धाव चष्म्याच्या दुकानात असते. तिथे नंबर निघतो, चष्मा होतो. सात महिने पाळी आलेली नाही, किंवा पाळी पुढे ढकलायची गोळी चालू आहे, हे कुणी विचारत नाही आणि बाईही सांगत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेल्यावर डोळ्यांचा विषय निघत नाही, कारण तो ‘वेगळ्या डॉक्टरांचा’ वाटतो. पण पिट्युटरी ग्रंथीची गाठ, गरोदरपणातला रक्तदाब, रक्ताची गुठळी, संधिवाताच्या जातीचे आजार यांची लक्षणं डोळ्यांत आणि पाळीत दोन्हीकडे दिसतात. दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांच्या कानावर गेल्या तरच निदान वेळेत होतं.

कोकणात आणखी एक अडचण आहे. नेत्रतज्ज्ञ गावात नसतो. दापोली, गुहागर, राजापूर, देवगडच्या आतल्या वाड्यांमधून जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. तयारी न करता गेलात तर तो दिवस वाया जातो आणि दुसरी खेप महिनाभर पुढे पडते. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या.

## टप्पा १: आज जायचं, आठवड्यात जायचं की सवडीने

हे आधी ठरवा, बाकी सगळं नंतर.

आजच, मिळेल त्या वाहनाने:

- एका डोळ्याची नजर एकाएकी गेली किंवा निम्मी झाली. दुखत नसलं तरीही.
- वीस आठवड्यांपुढची गरोदर किंवा बाळंतपणाला सहा आठवडे न झालेली बाई, आणि तिला अंधुक दिसतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, डोकं फुटतंय, बरगड्यांखाली उजवीकडे दुखतंय किंवा तोंड-हात एकाएकी सुजलेत.
- डोळा लाल, खूप दुखतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि उलट्या होतायत.
- एकाचे दोन दिसायला लागले, पापणी खाली पडली किंवा कधी नव्हती एवढी डोकेदुखी एकदम उठली.
- नजरेवर एका बाजूने सावली सरकतेय, सोबत नवे तरंगते ठिपके आणि विजेसारख्या चमका आहेत.
- महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यातून पू येतोय.

यातल्या दुसऱ्या मुद्द्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंच नाही. थेट प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. १०८ ला फोन करा आणि तोपर्यंत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० किंवा त्यापुढे आकडा आला तर तो कागदावर वेळेसकट लिहून घ्या. १६०/११० म्हणजे अजिबात न थांबण्याची वेळ. रात्रीच्या वेळी दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर विसंबू नका, रस्त्याचा पर्याय आधीच ठरवून ठेवा. अशा बाईच्या डोळ्याचा पडदा तपासण्यात दोन तास घालवले आणि तेवढ्यात आकडीचा झटका आला, तर नुकसान डोळ्यांपुरतं राहत नाही.

दोन-चार दिवसांत: वाकल्यावर किंवा उठताना काही सेकंद दोन्ही डोळ्यांपुढे अंधारी येणं आणि सोबत सकाळची डोकेदुखी, बाजूचं दिसेनासं होऊन दाराच्या चौकटीला खांदे आपटणं आणि पाळी बंद असणं, पाळीच्या किंवा मूल होण्याच्या औषधांवर असताना रंग फिके दिसणं, हललेल्या वस्तूची शेपटी मागे राहिल्यासारखी दिसणं. तोंडात आणि जननेंद्रियावर फोड आणि डोळा लाल, असं असेल तर दुसऱ्याच दिवशी जा.

सवडीने, पण महिन्याच्या आत: कोरडेपणा, खुपणं, वाचताना नजर थकणं, चष्म्याचा नंबर हळूहळू बदलणं.

*एक तपासा:* अंधारी ‘उभं राहिल्यावरच’ येत असेल आणि पाळीत फार रक्त जात असेल, तर हिमोग्लोबिन करून घ्या. १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, गरोदरपणात ही रेघ ११ वर आहे. रक्त फारच उतरलं तर पडद्यावर रक्ताचे ठिपके येऊ शकतात, म्हणून हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल आणि नजरेची तक्रार असेल तर पडदाही तपासून घ्या.

## टप्पा २: एक पान लिहून काढा

हे पान जिथे नसतं तिथेच सगळं हुकतं. तोंडी सांगू म्हटलं की डॉक्टरांसमोर निम्मं आठवत नाही, आणि सोबत सासरे किंवा दीर असतील तर उरलेलं निम्मं बोलवत नाही. लिहिलेला कागद मात्र सरळ हातात देता येतो.

पानाच्या वरच्या भागात पाळीचं:

1. शेवटची पाळी कधी आली, त्याआधीच्या दोन कधी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा असतील तर त्याचे मोबाइलवर फोटो काढा.
2. किती दिवस जाते, दिवसाला किती पॅड लागतात, गाठी पडतात का.
3. गरोदर आहात का, दूध पाजता का, दिवस राहण्याची शक्यता आहे का. तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा सुटतो.
4. किती बाळंतपणं, किती गर्भपात. लागोपाठ गर्भपात झाले असतील तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा. रक्त गोठण्याचा एक आजार गर्भ टिकू देत नाही आणि तोच पडद्याच्या रक्तवाहिनीत गुठळी करतो.
5. पाळी कायमची गेली असेल तर कितव्या वर्षी. चाळिशीच्या आत गेली असेल तर त्याखाली रेघ मारा.
6. पिशवी काढली असेल तर अंडाशय ठेवले की काढले. हे बहुतेकींना माहीत नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर ऑपरेशनच्या नावापुढे ‘बीएसओ’ (BSO) ही तीन अक्षरं असतील तर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशय काढलेत. तिथून पाळी गेल्यासारखंच शरीर बदलतं, वय पस्तीस असलं तरी.

मधल्या भागात औषधं. नुसती नावं लिहून थांबू नका, पाकिटंच पिशवीत घाला. रिकामी असली तरी चालतील. त्यात बायका हमखास वगळतात ती अशी: आशाताईंनी दिलेली माला-एन, गणपतीला पाळी येऊ नये म्हणून घेतलेली नॉरइथिस्टेरॉन, रक्तस्राव थांबवायची ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी, पाळीच्या दुखण्यावरची मेफेनॅमिक-डायसायक्लोमिन, मुरुमांची गोळी, आणि मेडिकलवाल्याने ‘डोळे आलेत’ म्हणून दिलेले थेंब.

खालच्या भागात डोळ्यांचं, चार ओळीत: कोणता डोळा, कधीपासून, एकाएकी की हळूहळू, पाळीच्या किंवा गोळीच्या कोणत्या दिवसाशी जुळतं का.

> सावधान: स्टेरॉइडचे थेंब (नावात ‘डेक्सा’, ‘प्रेड’, ‘बेटा’ अशी अक्षरं असतात) आधी टाकले असतील तर लपवू नका. लाली जाते, आतला आजार झाकला जातो, आणि महिनोन्‌महिने टाकल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो.

## टप्पा ३: घरच्या घरी तीन तपासण्या

दोन्ही डोळे उघडे ठेवून कधीच तपासू नका. चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम करतो आणि एका डोळ्याची नजर गेलेली आठवडाभर कळत नाही.

नजर. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. दहा फुटांवर, नेहमी एकाच जागी, दिवसाच्या उजेडात उभ्या राहा. चष्मा असेल तर लावा. एक डोळा तळव्याने झाका, पण दाबू नका. दाबलेला डोळा पुढची दोन मिनिटं अंधुकच दिसतो आणि तपासणी फुकट जाते. तारखांचे मोठे आकडे, मग खालची बारीक अक्षरं. कुठपर्यंत वाचता येतं ते त्याच कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहा: ‘उजवा: बारीक नाही’. मग दुसरा डोळा.

पडद्याचा मधला भाग. आता वाचायच्या अंतरावर, जवळचा चष्मा लावून त्याच कॅलेंडरच्या चौकटींकडे एका डोळ्याने बघा. मधल्या चौकटीवर नजर ठेवा. रेघा वाकड्या दिसतात, एखादी चौकट पुसल्यासारखी वाटते का?

बाजूची नजर. घरातल्या दुसऱ्या बाईला समोर हातभर अंतरावर बसवा. तुम्ही उजवा डोळा झाका, तिने तिचा डावा. एकमेकींच्या उघड्या डोळ्यात बघत राहा. तिने बोट बाहेरच्या बाजूने, दोघींच्या मधल्या अंतरावरून, हळूहळू आत आणायचं. तिला दिसलं आणि तुम्हाला बराच वेळ दिसलं नाही तर ती बाजू लिहा. दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या बाजू कमी असतील, पाळी बंद असेल, न पाजता दूध येत असेल, तर पिट्युटरीची गाठ नजरेच्या नसांवर दाबत असण्याची शक्यता आहे. प्रोलॅक्टिनची (दूध आणणाऱ्या हार्मोनची) रक्ततपासणी, नजरेच्या परिघाची तपासणी आणि एमआरआय, हे तिन्ही लागेल. चष्म्याने हे जात नाही.

या तपासण्या ठीक आल्या म्हणून टप्पा १ मधलं ‘आजच’ रद्द होत नाही.

## टप्पा ४: आधी कुणाकडे

नियम साधा आहे. गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली: आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. बाकी सगळ्या: नजर कमी झाली असेल तर आधी नेत्रतज्ज्ञ, पण कागद घेऊन.

ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. ते नंबर काढतात, पुढची चिठ्ठी देतात. सविस्तर पडदा-तपासणीसाठी रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. नेत्र ओपीडीचे वार आणि वेळ फोनवर विचारूनच निघा. सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ पडतं, तेही चालेल. गरोदर असाल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्या दिवशी डोळ्यांची तक्रार स्वतःहून काढा आणि कार्डावर लिहून घ्या.

पाळी चालू आहे म्हणून डोळ्यांची तपासणी किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलायचं काहीही कारण नाही. तारीख मिळाली असेल तर जा.

## टप्पा ५: तपासणीच्या दिवशी क्रम

तपासण्या उलटसुलट झाल्या तर निकाल चुकतो, आणि गर्दीच्या ओपीडीत तसं होतं. बरोबर क्रम असा:

1. नंबर आणि नजर. बाहुली मोठी करायचे थेंब टाकण्याआधी.
2. बाहुल्यांची उजेडाला प्रतिक्रिया, रंगांची ओळख. हेही थेंबांआधी. बाहुली मोठी झाली की नसेचा दोष कळत नाही.
3. कोरडेपणाच्या चाचण्या. तक्रार कोरडेपणाची असेल तरच. अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो (१० सेकंदांपेक्षा कमी म्हणजे लवकर फुटतो) आणि कागदी पट्टी पाच मिनिटांत किती मिलिमीटर भिजते (५ पेक्षा कमी म्हणजे अश्रू फारच कमी). डोळा बधिर करणारा थेंब आधी पडला तर पट्टीचा आकडा बदलतो. त्या सकाळी घरचे थेंबही टाकू नका.
4. डोळ्यातला दाब, आणि डोळ्याचा कोन (आतलं पाणी बाहेर जायची वाट) अरुंद आहे का. पन्नाशीपुढच्या, जाड प्लस नंबरच्या बायकांत कोन अरुंद असण्याची शक्यता जास्त. तो न बघता बाहुली मोठी केली तर दाब एकदम चढू शकतो.
5. परिघाची मशीनवरची तपासणी, लागणार असेल तर.
6. शेवटी बाहुली मोठी करून पडदा. वीस-तीस मिनिटं लागतात, नंतर चार-सहा तास जवळचं दिसत नाही.

गरोदर असाल किंवा पाजत असाल तर थेंब पडण्याआधी सांगा. एकदोनदा बाहुली मोठी करायला सहसा हरकत नसते. थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध रक्तात कमी जातं. नसेत रंग टोचून काढायचा पडद्याचा फोटो मात्र गरोदरपणात अगदी नाइलाज असल्याशिवाय काढत नाहीत, म्हणून ‘दिवस गेलेत का’ हा प्रश्न खोटं उत्तर देऊन उडवू नका.

त्या दिवशी स्कूटी चालवत परत येऊ नका. सोबत माणूस न्या आणि गॉगल न्या; दुपारचं किनाऱ्याचं ऊन मोठ्या बाहुलीला सहन होत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घरी काढून डबीतून न्या.

निघताना हे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या: नजरेची नस सुजलेली आहे का? पडद्यावर रक्त किंवा पाणी आहे का? माझ्या गोळ्यांपैकी कोणती थांबवायची? पुन्हा कधी? या कागदाचा फोटो स्त्रीरोगतज्ज्ञाला पाठवा किंवा झेरॉक्स त्यांच्या फाइलला लावा.

## टप्पा ६: तुमचा आजार, तुमची तपासणी

गरोदरपण, आधीपासून मधुमेह. इथे गल्लत फार होते. गरोदर राहण्याआधीपासून साखर असेल तर पडदा दिवस राहण्याआधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत तपासा, मग डॉक्टर सांगतील त्या अंतराने, आणि बाळंतपणानंतर वर्षभर लक्ष ठेवा. गर्भारपणात पडद्याचा आजार झपाट्याने वाढू शकतो; साखर एकदम खाली आणली तरी काही काळ वाढतो, म्हणून इन्सुलिन सुरू होताना नेत्रतज्ज्ञाला कळलं पाहिजे. गरोदरपणातच पहिल्यांदा लागलेल्या साखरेला (७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० किंवा वर) एरवी पडद्याची तपासणी लागत नाही. पण ती पहिल्या तीन महिन्यांतच खूप वर सापडली तर ती जुनी असण्याची शक्यता असते, तेव्हा तपासा.

गरोदरपण, नंबर बदलला. बुबुळाची जाडी आणि वळण थोडं बदलतं, म्हणून नंबर हलतो. नवा चष्मा, लेझरने नंबर काढणं, दोन्ही बाळंतपणानंतर आणि अंगावर पाजणं संपल्यावर. मात्र नंबर बदललाय असं *ठरवण्याआधी* रक्तदाब मोजलेला हवा.

पीसीओएस (अंडाशयांत बारीक गाठी, पाळी अनियमित). वजन वाढलेल्या तरुण मुलीला सकाळी डोकेदुखी, कानात छातीच्या ठोक्यासारखा आवाज, वाकल्यावर सेकंदभर अंधारी असेल, तर मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढून नजरेची नस सुजली असू शकते. ‘मायग्रेन’ म्हणून वेदनाशामक खात बसलं तर नजर कायमची जाऊ शकते. हा दाब वाढवणारी दोन औषधं अशा मुलींच्या हातात नेमकी असतात: मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन, आणि डॉक्सीसायक्लिन-मिनोसायक्लिन. ही एकत्र घ्यायची नसतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत भातलावणीच्या वेळी लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होऊ नये म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन दिली जाते. आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ती गोळी वाटणाऱ्याला सांगा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आयसोट्रेटिनॉइनवर दिवस राहू देणं बाळासाठी फार धोक्याचं असतं, हे तर कधीच विसरू नका.

मूल होण्यासाठी क्लोमिफीन. पाच दिवसांच्या गोळीत अंधुक, ठिपके, चमका, मागे रेंगाळणारी प्रतिमा असं काही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका, गाडी चालवू नका, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. ‘कोर्स पूर्ण करते’ हा हट्ट इथे नको.

एकत्रित, म्हणजे दोन हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या (माला-एन, माला-डी). डोकेदुखीच्या आधी पाच मिनिटं ते तासभर नागमोडी चमकणाऱ्या रेघा दिसत असतील, तर हे मायग्रेन या गोळ्यांना चालत नाही. पक्षाघाताचा धोका वाढतो. आशाताईंना सांगून दुसरा उपाय मागा. ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन नसतं, तिचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येतो.

गणपतीची गोळी. नॉरइथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून, असा साधारण क्रम असतो. चुका दोन होतात: शेजारणीकडून उरलेलं पाकीट घेणं, आणि गौरीविसर्जनापर्यंत, मग अनंत चतुर्दशीपर्यंत म्हणून वाढवत नेणं. पाय किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली असेल, पडद्याची शीर कधी बंद पडली असेल किंवा नागमोडी रेघांचं मायग्रेन असेल तर ही गोळी घेऊ नका. गोळी चालू असताना एकाएकी नजर गेली, दोन दिसलं किंवा डोळा पुढे आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सणाची गडबड आहे म्हणून एक दिवससुद्धा थांबू नका.

जास्त रक्त जाणं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. रंग ओळखायला त्रास झाला तर थांबवून तपासा. एकत्रित गर्भनिरोधक गोळ्यांसोबत ही घ्यायची नसते.

पाळीचं दुखणं किंवा लघवी न रोखली जाणं. डायसायक्लोमिन, ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन ही औषधं अरुंद कोनाच्या डोळ्यात दाब एकदम चढवू शकतात. त्या झटक्यात उलट्या इतक्या होतात की पित्त समजून पोटाचं इंजेक्शन दिलं जातं. टॉर्चच्या उजेडात डोळा बघा: लाल, धूसर, बाहुली मोठी आणि न हलणारी असेल तर ते पित्त नाही.

पाळी जाणं, अंडाशय काढणं. डोळे कोरडे पडतात, कारण पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी सुकतात. चुलीचा धूर, काजू भाजताना टरफलाच्या तेलाचा धूर, थेट तोंडावरचा पंखा यांनी वाढतं. केवळ डोळ्यांसाठी म्हणून हार्मोनच्या गोळ्या सुरू करू नका. नुसत्या इस्ट्रोजेनने कोरडेपणा उलट वाढलेला दिसतो. डोळ्यांसोबत तोंड, योनिमार्गही कोरडे आणि सांधे दुखत असतील तर शोग्रेनसाठी (संधिवाताच्या जातीचा, कोरडेपणा आणणारा आजार) रक्ततपासणी मागा. त्यातली अँटी-रो तपासणी सकारात्मक असेल तर पुढच्या गरोदरपणात बाळाच्या हृदयाकडे लक्ष ठेवावं लागतं, म्हणून तो कागद जपा.

तोंडात आणि खाली वारंवार फोड. डोळा लाल आणि दुखरा असताना डोळ्यांच्या डॉक्टरांना बायका खालच्या फोडांचं सांगत नाहीत. सांगा. बेशेट नावाच्या आजारात डोळ्याच्या आत सूज येते आणि निदानाची किल्ली त्या फोडांत असते.

स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन. पहिल्या वर्षात एकदा पडदा तपासून नोंद ठेवा, पुढे तक्रार आली की लगेच. ल्युपससाठी (हाही संधिवाताच्या जातीचा आजार) हायड्रॉक्सिक्लोरोक्विन: पहिल्या वर्षात एकदा, पाच वर्षांनंतर दरवर्षी, आणि डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत आहे ना ते विचारा.

## टप्पा ७: कोणती गोळी थांबवायची, कोणती नाही

एकाएकी नजर बिघडली तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी दाखवा: एकत्रित गर्भनिरोधक गोळ्या, नॉरइथिस्टेरॉन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, क्लोमिफीन. (गर्भनिरोधक थांबवलं तर दुसरा उपाय त्याच रात्रीपासून वापरा.)

स्वतःच्या मनाने कधीच थांबवू नका: टॅमॉक्सिफेन, रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन, थायरॉइडची गोळी, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, काचबिंदूचे थेंब. दिवस राहिले म्हणून काचबिंदूचे थेंब बंद करणाऱ्या बायका आहेत. त्यातले काही बदलावे लागतात हे खरं, पण बदलायचे ते डॉक्टरांनी. कॅबरगोलिनवर (प्रोलॅक्टिन उतरवायची गोळी) असताना दिवस राहिले तर त्याच आठवड्यात विचारा, आणि डोकेदुखी किंवा बाजूची नजर बिघडली तर लगेच.

## टप्पा ८: घरी आल्यावर थेंब आणि शेक

हात धुवा. खालची पापणी खाली ओढा, एकच थेंब टाका. डोळ्यात दुसऱ्याला जागा नसते. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. दुसरं औषध पाच मिनिटांनी, मलम सगळ्यात शेवटी. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि २८ दिवसांनी टाकून द्या. कोरडेपणाचे थेंब दिवसातून सहापेक्षा जास्त वेळा लागत असतील तर संरक्षक रसायन नसलेले मागा.

पापण्यांना शेक द्यायचा तो स्वच्छ कपडा सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून, पाच ते दहा मिनिटं, कपडा गार झाला की पुन्हा बुडवून. एकदाच ठेवलेला कपडा दोन मिनिटांत गार होतो आणि तेल सुटतच नाही. ‘शेक घेऊन फरक पडला नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकींचं इथेच चुकतं. शेकानंतर वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, बोटाने हलके चोळा.

गुलाबपाणी, मध, एरंडेल, अंगावरचं दूध: काहीही डोळ्यात घालू नका. बाळाच्या डोळ्यात तर नाहीच.

## टप्पा ९: बाळंतपणानंतर

रक्तदाब वाढून नजर अंधुक झाली असेल तर ती बहुतेकींची काही आठवड्यांत परत येते. तरी सहा आठवड्यांच्या तपासणीला रक्तदाबासोबत पडदाही दाखवा. गरोदरपणातली साखर असलेल्यांनी याच भेटीत ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा करायची. ती वर आली तर आता पडदाही तपासायचा.

बाळाच्या डोळ्यातून पहिल्या पाच दिवसांत घट्ट पू आला आणि पापण्या सुजल्या, तर गोनोरियाचा संसर्ग असू शकतो आणि तो बुबुळाला दिवसा-दोन दिवसांत भोक पाडू शकतो. पाच ते चौदा दिवसांत आला तर क्लॅमिडियाचा विचार करतात. दोन्हींत नुसते थेंब पुरत नाहीत. बाळाला पोटातून किंवा शिरेतून औषध लागतं, आणि आईला अंगावरून पांढरं जात असो वा नसो, आई आणि वडील दोघांनाही उपचार घ्यावे लागतात. नवऱ्याने तपासणीला यायला टाळाटाळ केली तर डॉक्टरांकडून त्याच्या नावाची वेगळी चिठ्ठी मागून घ्या.